सातव्या नंबरचं सामान

आठव्या महिन्यातल्या तपासणीनंतर काउंटरवरच्या मुलीने माझ्या हातात एक कागद ठेवला. मथळा होता, 'डिलिव्हरीस येताना आणावयाचे साहित्य'. मूळ यादी कुणीतरी कधीतरी टाइप केली असावी. आमच्या वाट्याला आली ती तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. पुढून उघडणारे गाऊन तीन, जुन्या मऊ सुती साड्या दोन, बाळाची झबली-टोपडी, दुपटी, पॅड, ताट-वाटी-भांडं, इथपर्यंत अक्षरं लागत होती. सातव्या नंबरवर आधी 'बा', मग एक-दोन अक्षरं गिळून बसलेला काळा डाग आणि शेवटी दुसरी वेलांटी. आठव्यापासून पुन्हा सगळं स्वच्छ.

माझे बाबा साताऱ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. गाळलेली जागा दिसली की त्यांना राहवत नाही. चष्मा पुसून, कागद खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी तो घरात फिरवला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बादली. त्यात काय बघायचंय?" शेजारच्या काकू साखरेची वाटी परत करायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बादली दवाखान्यात असतेच हो. बाटली असणार. बाळाची." आजी जपमाळ थांबवून म्हणाली, "बाजरी." बाळंतिणीला बाजरीची भाकरी लागते, हे तिच्या दृष्टीने डॉक्टरलाही ठाऊक असणारच. पुण्याहून नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर कागद पाहिला आणि 'बॅटरी' म्हणाला. 'बा' आणि 'बॅ' यांतला फरक बाबांनी त्याला दहा मिनिटं समजावला. जावई असल्यामुळे छडी मिळाली नाही, इतकंच.

दवाखान्यात फोन करून विचारावं हे कुणाला सुचलं नाही असं नाही. केला. तिकडून, "यादीत दिलंय बघा सगळं," असं सांगून ठेवून दिला.

तेव्हा ठरलं की चारही न्यायच्या.

बॅग भरायची कधी, यावरही दोन पंथ होते. डॉक्टरीणबाईंनी अठरा जुलै ही तारीख दिली होती. ही तारीख काढायची रीत फ्रान्झ नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखतात: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, झाले साधारण २८० दिवस. आजीचा हिशेब नऊ महिने नऊ दिवसांचा. म्हणजे जर्मनी आणि सातारा यांच्यात फक्त दोन दिवसांचा फरक. हा फरक मिटावा म्हणून बाबांनी कॅलेंडरवर अठरा आणि वीस या दोन्ही तारखांना गोल केला आणि मधल्या एकोणीसला, कुणाला वाईट वाटू नये म्हणून, फुली मारली. प्रत्यक्षात दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं विसांत जेमतेम एक असतात. बाकीची एकोणीस आपल्या सोयीने येतात. पण हे माहीत असूनही घरातलं प्रत्येक जण अठरा जुलै या तारखेशी असं वागत होतं, जणू त्या दिवसाचं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय.

पहिली बॅग नवऱ्याने भरली. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार गड चढतो. त्याच्या मते बाळंतपण ही दोन्हींच्या मधली गोष्ट असते. त्याने एक्सेलमध्ये त्रेसष्ट ओळींची यादी केली, वस्तूपुढे वजन लिहिलं आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. लग्नात मिळालेली, नंबरच्या कुलपाची ट्रॉली बॅग काढली. त्या बॅगेतून जे निघालं त्यावरून मी प्रसूतीला चाललेय की हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला, हे सांगणं अवघड होतं. ओआरएसची पाकिटं, डोक्याला बांधायचा दिवा, पटकन वाळणारा टॉवेल, दोन पॉवर बँका, नायलॉनची दोरी. आणि एक शिट्टी.

"शिट्टी कशाला?" मी विचारलं.

"अगं, मदत लागली तर."

माझ्या उशाशी घंटा असते, बाहेर सिस्टर असतात, शिवाय त्या प्रसंगी बायका शिट्टीवाचूनही बऱ्यापैकी आवाज करतात, हे मी त्याला सांगितलं. त्याने शिट्टीपुढचा हिरवा रंग पिवळा केला. काढली मात्र नाही.

तो सोमवारी पुण्याला गेल्यावर आईने ती बॅग उपसली आणि पुन्हा भरली. तिने काय भरलं? मेणबत्त्या सहा, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, विंझणा, टॉर्च आणि त्याचे वेगळे सेल. दवाखान्यात जनरेटर आहे, लिफ्ट आहे, पेशंटच्या खोलीत टीव्हीसुद्धा आहे. पण मी झाले तेव्हा तालुक्याच्या गावी वादळाने दिवे गेले होते आणि बाबा सायकलवरून मेणबत्ती शोधत फिरले होते. त्या रात्रीची मेणबत्ती आई आत्ता भरत होती. मी मग नीट बघायला लागले तर सगळ्यांचंच तसं होतं. काकूंनी थर्मास दोन न्यायला सांगितले, कारण त्यांच्या वेळी एकुलत्या थर्मासातला चहा नणंदेने पाहुण्यांना पाजला होता. तीस वर्षं झाली, पण सांगताना काकूंचा गळा अजून दाटतो. आत्याने फोन करून पायमोजे घ्यायला सांगितले. तिला ऑपरेशनच्या टेबलावर हुडहुडी भरली होती आणि कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे बॅग माझी, पण जो तो त्यात स्वतःचं बाळंतपण घडी घालून ठेवत होता. माझी एकच भर होती: लिप बाम. ती पाहून आजी म्हणाली, "नाटकाला जायचंय का?"

बाळाच्या कपड्यांचं प्रकरण वेगळं. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. घ्यायचंच तर ते कुणाच्या तरी सुदृढ बाळाने घालून, ओकून, धुऊन मऊ केलेलं. त्यामुळे पहिलं झबलं आलं ते मावसबहिणीच्या मुलाचं. तो मुलगा आता चौथीत आहे आणि त्याच्याआधी ते आणखी दोघांच्या अंगावरून गेलंय. त्या झबल्याला आमच्या घराण्यात दत्तक घेतल्यासारखा मान आहे. तरी नवऱ्याने पुण्यातल्या मॉलमधून गुपचूप तीन जोड आणले. सगळे पिवळे. याचं श्रेय १९९४च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याला. परदेशातल्या आयांना म्हणे आधीच गुलाबी की निळं ते ठरवता येतं; आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा फलक असतो आणि कायद्याचं कारण इतकं गंभीर आहे की त्याबद्दल तक्रार करायची सोय नाही. त्यामुळे आपल्याकडचं अख्खं न जन्मलेलं बाळगोपाळ पिवळ्या, पोपटी आणि बदकाच्या रंगात असतं.

लंगोट की डायपर यावर घरात वाद झाला नाही, कारण पाऊस झाला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात साताऱ्यात जो कोसळायला लागला तो थांबेचना. आईने चाळीस लंगोट शिवून, धुऊन वाळत घातले आणि ते वाळेनात. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत दोऱ्या बांधल्या गेल्या. (नायलॉनची दोरी उपयोगी पडली, हे नवऱ्याने आजतागायत विसरू दिलेलं नाही.) बाबा पेपर वाचायला बसले की त्यांच्या डोक्यावर त्रिकोणी तोरणं. शेवटी ते एकेक लंगोट इस्त्रीने वाळवायला लागले. दिवसाला बाळ किती लंगोट भिजवतं याचा अंदाज आईने सांगितल्यावर त्यांनी इस्त्री बंद केली, छत्री घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून डायपरचं पुडकं आणलं. आई काही बोलली नाही. मूठभर लंगोट मात्र तिने बॅगेच्या कप्प्यात सरकवले.

आजीने या सगळ्यात भाग घेतला नाही. तिने ट्रंकेतून आपलं एक नऊवारी लुगडं काढलं. धुऊन धुऊन त्याचा रंग गेलेला, मूळचा हिरवा की निळा यावर तिचाच तिच्याशी वाद. ते तिने टराटरा फाडलं. आठ दुपटी निघाली, उरल्या तुकड्यात टोपडं आणि कुंची. दुपट्यांना शिवण नाही की काठ नाही. बाळाला काचतं म्हणे. नवऱ्याने पुढच्या शनिवारी आल्यावर ती दुपटी पाहिली, त्याच्या शीटमध्ये 'स्वॅडल, मलमल, चार' असं आधीच भरलेलं असल्यामुळे, "आजी, आता जागा नाही हो," असं अगदी मऊ आवाजात सांगितलं. आजीने दुपटी जुन्या टॉवेलात बांधली, गाठोडं केलं आणि आपल्या कॉटखाली ठेवलं. त्यात अडकित्ताही ठेवला. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवं.

त्याच आठवड्यात सासूबाईंचं पार्सल नाशिकहून एसटीने आलं. डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, ओवा, बाळंतशेपा आणि जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली गुटीची पुरचुंडी: बाळहिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सागरगोटा. बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही, अगदी पाणीही द्यायचं नाही, असं बालरोगतज्ज्ञांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं होतं. आईने मान डोलावली होती. पार्सल आल्यावरही तिने मान डोलावली आणि पुरचुंडी कपाटात ठेवली. मला बरं वाटलं.

रविवारी निघताना नवऱ्याने वजन बघायला बॅग उचलून पाहिली. त्याचा चेहरा बदलला.

"आई, यात काय दगड भरलाय का?"

"सहाण आहे," आई म्हणाली. "सहा महिन्यांनी लागेलच की."

सहा महिन्यांनी लागणारी सहाण प्रसूतीच्या बॅगेत का, हा प्रश्न जावयाने सासूला विचारायचा नसतो. त्याने सहाण काढली नाही. तिच्यापुढे 'दोन किलो' लिहिलं. मग बॅग बंद केली, नंबरचं कुलूप लावलं आणि अभिमानाने म्हणाला, "आता कुणी उघडू नका. भरून झालंय."

आई मात्र सोमवारी त्याला फोन करून नंबर विचारायचं विसरली. बॅगेच्या बाहेरच्या खणात तिने फक्त एक कोरी वही आणि पाकीटबंद पेन सरकवलं. सिझेरियन झालं आणि मुक्काम लांबला तर पाचवी दवाखान्यातच येईल, आणि सटवाई बाळाचं नशीब लिहायला आली तर तिला पेन कुणाकडे मागायला लागू नये.

नऊ जुलैला, तारखेच्या बराच आधी, पहाटे तीनला मला जाग आली ती ओलेपणाने. पावसाने छत गळतंय असं आधी वाटलं. नवरा योगायोगाने साताऱ्यात होता. ऑफिसातून रजा काढून शीटची 'अंतिम तपासणी' करायला आला होता. त्या शीटमध्ये 'शांत राहणे' अशी ओळ नव्हती. त्याने दोन वेगवेगळ्या चपला घातल्या. बाबांनी फाइल छातीशी धरून वरून रेनकोट घातला. त्यामुळे फाइल कोरडी राहिली, बाबा मात्र डोक्यापासून चिंब. शेजारच्या काकांनी गाडी काढली. ट्रॉली बॅग डिकीत, दोन थर्मास, बादली, बाटली, बाजरीच्या पिठाचा डबा पायाशी. आजीला कुणी चल म्हटलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं तर ती आधीच आत बसलेली, मांडीवर गाठोडं.

पुढचं मला चौघांनी चार प्रकारे सांगितलंय, त्यातलं सामाईक तेवढं सांगते. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून पहाटे सिझेरियन ठरलं. मला आत नेलं. नवऱ्याच्या हातात औषधांची चिठ्ठी देऊन त्याला खाली मेडिकलमध्ये पिटाळलं. त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून जाताना त्याने फोन पॉवर बँकेला लावला आणि दोन्ही बॅगेत ठेवून कुलूप फिरवलं. सवय. साडेपाचला सिस्टर दार उघडून म्हणाल्या, "मुलगी झाली. बाळाला गुंडाळायला दुपटं द्या लवकर."

आई बॅगेवर तुटून पडली. बॅग उघडेना. बाबांनी लग्नाची तारीख फिरवून पाहिली, आईने जावयाचा वाढदिवस. आजीने अडकित्ता पुढे केला. मग आईला सुचलं की जावयालाच फोन करावा. तिने केला. बॅगेतून मोठ्याने गाणं वाजायला लागलं.

"तुमची बॅग वाजतेय," सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात आजीने गाठोड्याची गाठ सोडली होती.

कुलपाचा नंबर अर्थातच १८७ होता. अठरा जुलै. बाळ नऊला आलं आणि बॅगेला ते कळवायचं राहिलं. दुपारी शुद्धीवर नीट आल्यावर मी पाहिलं तर शेजारच्या पाळण्यात एक गुलाबी ठिपका आजीच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला, आणि कोपऱ्यात ट्रॉली बॅग, त्रेसष्ट वस्तूंसह, तशीच.

पाच दिवसांत त्या बॅगेतून काय लागलं याचा हिशेब नवऱ्याने ठेवलाय, पण तो मला मान्य नाही. त्याच्या मते अठ्ठावीस वस्तू लागल्या. त्यात त्याने स्वतः खाल्लेले सासूबाईंचे लाडू धरलेत. मला सिझेरियननंतर दोन दिवस लाडू काय, पाणीसुद्धा चमच्याने मिळत होतं. लाडूंचा डबा भेटायला येणाऱ्यांनीच संपवला. बाळंतिणीच्या बॅगेतलं अर्धं सामान बाळंतिणीच्या नातेवाइकांसाठी असतं, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. पायमोजे लागले, आत्याला मनातल्या मनात नमस्कार केला. लिप बाम सगळ्यांत जास्त लागला, आणि तिसऱ्या दिवशी आजीने तो माझ्याकडून हळूच मागून घेतला. मेणबत्त्या लागल्या नाहीत. डायपरचं पुडकं अडकित्त्याने फोडलं, कारण त्रेसष्टमध्ये कात्री नव्हती. आणि कुणाच्याच यादीत नसलेली वस्तू ती म्हणजे सुट्टे पैसे. आया मावशी, वॉर्डबॉय, वॉचमन, लिफ्टवाले, सगळे बाळ बघायला आले आणि खुशी मागून उभे राहिले. बाबा पाचशेची नोट घेऊन चहाच्या टपरीपासून मेडिकलपर्यंत फिरत होते, त्या सायकलवरच्या मेणबत्तीसारखेच.

पेढ्यांवरून थोडं झालं. मुलगी झाली तर बर्फी वाटायची असते, अशी आठवण एका नातेवाइकांनी करून दिली. बाबा शांतपणे म्हणाले, "साताऱ्यात राहून मी बर्फी वाटू?" आणि दोन किलो कंदी पेढे घेऊन आले. विषय संपला.

तेरा तारखेला डिस्चार्ज. बाबा काउंटरवर गेले. तिथे तीच मुलगी. बाबांनी खिशातून ती यादी काढली, नीट उलगडली, सातव्या नंबरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाळ, हे काय आहे?" आमच्या मागे बादली होती, तिच्यात बाटली, बाटलीशेजारी बाजरीच्या पिठाचा डबा, वर पॉवर बँक.

तिने कागद जरा तिरका धरला.

"बाकी," ती म्हणाली. "अ‍ॅडव्हान्स सोडून जी बाकी असेल ती. रोख आणा म्हणून लिहिलंय."

बाबांनी ती भरली. सही करायला पेन नव्हतं म्हणून बॅगेच्या बाहेरच्या खणातलं पाकीट फोडून त्यातलं काढलं. आईने ते लांबून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सटवाईचं पेन उष्टं झालं होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, तो फॉर्मही बाबांनी त्याच पेनने तिथल्या तिथे भरून टाकला. म्हणाले, झालंच आहे तर.

घरी जाताना नवं पेन घेतलं. संध्याकाळी पाचवी पुजली. पाट मांडला, दिवा लावला, कोरा कागद ठेवला, शेजारी पेन. सगळे निजल्यावर बाबा उठले, हे मी अर्धवट झोपेत पाहिलं. वर्गात पेपर सुरू होण्याआधी ते मुलांना नेहमी सांगत, पेन आधी चालवून बघा. त्यांनी पेन उचललं, कागदाच्या कोपऱ्यात गोल गोल फिरवून पाहिलं, शाई येतेय अशी खात्री केली, टोपण काढूनच ठेवलं आणि जाऊन झोपले.

सकाळी आजीने कागद पाहिला आणि घर उठवलं. लिहिलं होतं! काय लिहिलंय ते लागत नव्हतं. तिने कागद आईला दाखवला, काकूंना बोलावून दाखवला, पुण्याहून नव्हे तर या वेळी शेजारच्या खोलीतून आलेल्या नवऱ्याला दाखवला. शेवटी पदराने डोळे पुसत तिने तो देवापुढे ठेवला.

"अक्षरावरनं तर डॉक्टर होणार दिसतेय," ती म्हणाली.

बाबांनी पेपर जरा वर धरला.